हलवणं आणि हालणं : बहुविकलांग मुलामाणसांचा व्यायाम घरी कसा सुरू करावा

मराठीत हलवणं वेगळं आणि हालणं वेगळं. घरोघर जाऊन फिजिओथेरपी द्यायला लागले, त्या पहिल्या वर्षी मी या दोन्हींची सरमिसळ करत होते. अकरा वर्षांचा एक मुलगा होता. बसता येत नाही, बोलता येत नाही, दिसतं किती याची खात्री नाही, दिवसाला दोन-तीन फिट्स. आठवड्यातून तीनदा जायचे, त्याला सतरंजीवर आडवं घ्यायचे आणि पाय वाकव, सरळ कर, घोटे ताण, खांदे फिरव, असं वीस-वीस वेळा करायचे. वहीत लिहायचे : ‘व्यायाम, ४० मिनिटं’. घाम मला यायचा. तो छताकडे बघत पडलेला असायचा.

एक दिवस स्वयंपाकघराच्या दारातून त्याची आजी म्हणाली, “ताई, कुकरच्या शिट्टीला हा कोपर उचलतो, बघितलंत का?”

“दचकत असेल हो, आजी.”

“पहिल्या शिट्टीला दचकतो. दुसरीची वाट बघतो.”

मी हात बाजूला घेतले आणि नुसती बसून राहिले. शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसायला लागतो, शिट्टी थरथरते. त्या आवाजाला त्याचा उजवा कोपर सतरंजीवरून चार बोटं वर आला, तसाच थांबला, आणि शिट्टी झाल्यावर खाली गेला. तिसऱ्या शिट्टीलाही तेच. दचकणं आवाजानंतर येतं. हा आवाजाच्या आधी तयार होता. वर्षभरात मी त्याचं अंग हजारो वेळा हलवलं होतं, पण तो स्वतः हालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तुमच्या घरी असं मूल किंवा मोठं माणूस असेल, किंवा विशेष शाळेत, डे-केअरमध्ये तुम्ही नुकतेच मदतनीस म्हणून लागला असाल, तर सुरुवात कुठून करायची ते इथे सांगते. एक आधीच स्पष्ट करते. सांध्यांना ताण देणं बंद करा, असं मी म्हणत नाही. कपडे घालता यावेत, काख आणि जांघ स्वच्छ ठेवता यावी, यासाठी अंग मोकळं हवंच. पण ती निगा झाली. तिला व्यायाम समजून समाधान मानलं की हृदय, फुप्फुसं आणि स्नायू यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

कोणाबद्दल बोलतोय

कागदोपत्री ‘बहुविकलांगता’ म्हणजे एकापेक्षा जास्त अपंगत्वं एकत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ती स्वतंत्रपणे धरली आहे. इथे मी त्यातल्या तीव्र टोकाबद्दल लिहितेय : बौद्धिक अक्षमता खूप जास्त, शरीरावर ताबा खूप कमी, सोबत बहुतेकदा दृष्टी किंवा ऐकण्याचा प्रश्न, फिट्स, गिळण्याची अडचण. सेरेब्रल पाल्सी (सीपी) म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं. अशा मुलांसाठी १९९७ पासून पाच पातळ्यांची एक मोजपट्टी वापरतात. फाइलवर ‘लेव्हल पाच’ लिहिलेलं असेल तर मान आणि धड तोलण्यासाठीही आधार लागतो, असा त्याचा अर्थ. मूल काही शिकू शकणार नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. पुष्कळ घरी तो तसा काढला गेलेला मी पाहिलाय.

आधी डॉक्टरांकडून चार गोष्टी विचारून घ्या

पहिली, खुबे. जी मुलं उभी राहत नाहीत त्यांचा खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकत जातो, आणि सुरुवातीला दुखत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा सगळी मिळून ३५ टक्के मुलांचे खुबे सरकलेले निघाले. लेव्हल पाचच्या मुलांत हे प्रमाण ९० टक्के होतं. तेव्हा ‘शेवटचा एक्स-रे कधी काढला होता?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. डायपर बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडते, एक पाय आखूड वाटतो, पाय फाकवला की चेहरा बदलतो, यातलं काहीही दिसलं तर एक्स-रे होईपर्यंत त्या पायाचा व्यायाम थांबवा.

दुसरी, हाडं. उभं न राहणं, ऊन न मिळणं, खाणं कमी आणि वर्षानुवर्षं चालू असलेली फिट्सची औषधं यांमुळे हाडं ठिसूळ होतात. मांडीचं हाड नुसता पाय पिळला गेला तरी मोडू शकतं, त्यासाठी पडायला लागत नाही. म्हणून एका हाताने घोटा धरून पाय उचलायचा नाही. एक हात गुडघ्याखाली, एक पोटरीखाली. ताठ झालेल्या पायाशी झटापट करायची नाही. थांबलं, गुडघा थोडा वाकवून धरला, की बहुतेक वेळा तो आपोआप सैल होतो. एखाद्या दिवशी मूल कारण नसताना रडतंय आणि मांडीला सूज आहे, तर ‘काल जरा जास्त व्यायाम झाला असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका, दवाखाना गाठा.

तिसरी, फिट्स. कोणत्या प्रकारच्या, किती वेळ, कशाने येतात. झोपमोड, ताप, चुकलेली गोळी ही नेहमीची कारणं. फीट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, दातात चमचा घालणं यातलं काहीही करायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिलेला असेल तर तो हाताशी ठेवा, कपाटात नको.

चौथी, गिळणं. जेवताना ठसका लागतो का, जेवणानंतर छातीत घरघर होते का, वारंवार न्यूमोनिया होतो का? अशा माणसाला जेवणानंतर निदान अर्धा तास टेकून बसवायचं, आणि व्यायाम जेवणानंतर तासभर तरी नाही.

तीन दिवस काहीही करू नका

नव्या पालकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, ताई फी कशाची घेतात? पण ही पायरी गाळली तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. तीन दिवस एक वही ठेवा आणि एवढंच लिहा : कधी, कशाला, शरीराचा कुठला भाग हालला. आंघोळीच्या बादलीचा आवाज आला, जीभ बाहेर आली. बाबांची गाडी वाजली, मान डावीकडे वळली. पंखा बंद केला, पाय आखडले. धाकटी बहीण हसली, दोन्ही हात वर गेले.

प्रत्येक नोंदीला आजीबाईंची कसोटी लावा. हालचाल आवाजानंतर लगेच, दर वेळी तशीच, सगळं अंग झटकून आली तर ते दचकणं. थोड्या उशिराने, किंवा आधीच, एकाच अवयवाची, आणि पुढच्या वेळी थोडी वेगळी आली, तर तिथे मूल आहे. ती हालचाल कितीही किरकोळ दिसो, बाकीचं सगळं तिच्यावर उभं करायचंय.

आणखी एक सवय याच तीन दिवसांत लावून घ्या : थांबणं. ‘हात वर कर बाळा’ म्हटल्यावर आपण दोन सेकंदांत त्याचा हात स्वतःच उचलतो. या मुलांचा निरोप मेंदूतून हातापर्यंत पोचायला वेळ लागतो. मनात एक ते पंधरा मोजा. मधे पुन्हा पुन्हा ‘कर ना, कर ना’ म्हणू नका, दर वेळी त्याचं काम पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा सेकंद गप्प बसणं किती जड जातं ते करून बघाच. मला अजून जड जातं.

बैठक नीट लावा

तुम्ही स्वतः उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करा. हात थरथरतील. मुलाचंही तेच होतं. धड आणि पाय टेकलेले नसतील तर त्याची सगळी ताकद पडू नये म्हणून खर्च होते, आणि हातासाठी काही उरत नाही.

सीपी चेअर, म्हणजे अशा मुलांसाठीची आधाराची खुर्ची, असेल तर : नितंब पाठीमागे पूर्ण टेकलेले, पट्टा कमरेवर नाही तर मांडी आणि पोटाच्या घडीत तिरका, गुडघ्यांमध्ये टॉवेलची सुरळी, तळपाय सपाट. पायाखालची फळी मुलाच्या उंचीप्रमाणे वाढत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते, म्हणून तळवे पोचत नसतील तर खाली देवघरातला जुना पाट सरकवा. समोरचा ट्रे कोपराच्या उंचीला. खुर्ची नसेल तर भिंतीचा कोपरा, दोन्ही बाजूंना गोधडीच्या सुरळ्या आणि पुढ्यात चौरंग.

पहिल्या हालचालीसाठी मात्र मला कुशीवरची स्थिती सगळ्यात आवडते. पाठीमागे लोड, डोक्याखाली उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी, वरचा पाय थोडा वाकवून पुढे. उताणं पडल्यावर हात उचलायचा म्हणजे त्याचं सगळं वजन उचलावं लागतं. कुशीवर तोच हात जमिनीवरून सरकतो, दोन्ही हात डोळ्यांसमोर येतात, आणि ताठरपणाही कमी होतो. कुशी बदलत राहा. रोज एकाच कुशीवर ठेवलं की कणा तिकडे वाकत जातो.

उचलण्याबद्दल दोन वाक्यं : काखेत हात घालून ओढायचं नाही, आणि २० किलोंच्या पुढे एकटीने उचलायचं नाही. मजबूत चादर अंगाखाली सरकवून दोघांनी चार टोकं धरली की कोणाची पाठ जात नाही.

व्यायामाची वेळ काढू नका

घरी ‘संध्याकाळी ५ ते ६ व्यायाम’ असं ठरलं की पाहुणे येतात, लाइट जाते, आई दमलेली असते. त्यापेक्षा दिवसभर ज्या गोष्टी करायच्याच आहेत, त्यांच्या पोटात व्यायाम घाला.

डायपर हे सगळ्यात चांगलं उदाहरण. उताणं, गुडघे वाकवून तळपाय गादीवर टेकवा, तुमचा हात गुडघ्यांवर ठेवून थोडा खाली दाबा, ‘कंबर वर’ म्हणा आणि थांबा. सुरुवातीला तुम्हीच नव्वद टक्के उचलाल. पण पार्श्वभागाचे स्नायू आवळल्याचं हाताला कळलं, की तेवढं त्याचं. दिवसातून सहा वेळा डायपर बदलता, दर वेळी दोनदा कंबर उचलायला लावली, तर दिवसाचे बारा झाले, आणि वेगळा एक मिनिटही गेला नाही. (खुब्यांचा प्रश्न असेल तर आधी विचारून.) शर्ट घालताना हात बाहीत ओढून घेऊ नका. बाहीचं तोंड मुठीशी धरा आणि तो ढकलेपर्यंत थांबा. कुशीवर वळवताना खांदा ढकलण्याऐवजी त्याला आवडणाऱ्या आवाजाची वस्तू त्या बाजूला वाजवा, आधी डोकं वळू द्या. पलंगावरून खुर्चीत नेताना पायांवर थोडंही वजन घेता येत असेल तर दहा सेकंद पायांवर उभं करा, मग बसवा.

आणि कुकर. त्या मुलाच्या घरी आम्ही व्यायामाची वेळ वरणाला बांधली. त्याची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात, शेगडीपासून लांब. कोपराला घुंगरांची पट्टी. फुसफुस सुरू झाली की घुंगरू वाजायचे आणि आजी ओरडायची, “आली, आली!” वरणाच्या तीन, बटाट्याच्या चार. राजमा असेल त्या दिवशी बिचाऱ्याची दमछाक व्हायची. दोन महिन्यांनी आम्ही घुंगरू काढून ट्रेवर मोठं बटण ठेवलं. कोपराने दाबलं की टेबलफॅन सुरू. उन्हाळ्यात त्याला त्या बटणाचा अर्थ फार लवकर कळला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना दिव्यांग मुलांसाठीही दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवतात. आकडा वाचून घाबरू नका. अजिबात नसण्यापेक्षा थोडी बरी, हेही त्याच सूचनांत लिहिलंय. पाच-पाच मिनिटांच्या तीन तुकड्यांनी सुरू करा. महिन्याभराने चौथा तुकडा.

स्टँडिंग फ्रेम, म्हणजे पट्ट्यांच्या आधाराने उभं ठेवणारी चौकट, मिळाली असेल तर तिचा हिशोब वेगळा आहे. हाडांसाठी आठवड्यातून ५ दिवस, दिवसाला ६० ते ९० मिनिटं उभं राहणं सुचवतात. पहिल्याच दिवशी तासभर उभं केलं तर मूल निळंजांभळं होईल आणि फ्रेमचा पलंगाखाली कायमचा मुक्काम पडेल. दहा मिनिटांपासून चढत जा, तळपायांचा रंग बघत राहा, आणि उभं असताना काहीतरी घडत असू द्या. भिंतीकडे तोंड करून उभं करणं ही शाळेतली शिक्षा आहे.

व्यायाम झाला की नाही, ओळखायचं कसं

तो सांगणार नाही. ‘२२० वजा वय’ हे जिममधलं सूत्र इथे विसरा. त्याचे स्वतःचेच आकडे काढा.

करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरी ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. तो काढा. गार पडलेल्या किंवा सतत हालणाऱ्या बोटावर तो खोटं बोलतो, म्हणून आधी हात चोळून गरम करा, आणि अधूनमधून छातीवर तळहात ठेवून ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा, ताडून बघा. सकाळी उठल्या-उठल्या, अंथरुणातच, तीन दिवस मोजा. समजा ८४ येतात. डायपर बदलून, खुर्चीत बसवून झाल्यावर ९०. बटणाशी पाच मिनिटं झटल्यावर १०८. हा व्यायाम. आणि तुम्ही पंधरा मिनिटं त्याचे पाय वाकवले, तरी ८६? ती निगा.

पण ठोके भीतीनेही वाढतात आणि दुखण्यानेही. त्यामुळे चेहरा सोबत वाचा. न बोलणाऱ्या मुलांचं दुखणं ओळखायला दवाखान्यात चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात, एकूण दहापैकी. घरी हीच पाच खणांची पट्टी वहीच्या पानावर आखून घ्या, पण प्रत्येक खणात तुमच्या मुलाचं स्वतःचं लक्षण लिहा. काही मुलं दुखलं की हसतात. माझ्याकडची एक मुलगी दुखलं की अगदी गप्प व्हायची आणि सगळे म्हणायचे, आज किती शहाणी आहे.

ओठ निळसर, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डे, घशात घरघर वाढली, किंवा थांबल्यावर पाच मिनिटांतही ठोके उतरेनात, तर त्या दिवशी तिथेच थांबा. उतरले नाहीतच, तर डॉक्टरांना फोन.

महिन्यातून एकदा माप

उंची मोजता येत नाही, वजनकाट्यावर उभं राहता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं या मुलांची मापंच घेतली जात नाहीत. लहान असेल तर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. मोठ्यासाठी माझा उपाय म्हणजे धान्याच्या दुकानातला पोती मोजायचा काटा. व्हीलचेअरसकट चढवायचं, नंतर रिकामी खुर्ची. दुकानदार दुपारी निवांत असतात, आणि आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनच्या संशोधकांनी नेमक्या याच गटातल्या प्रौढांसाठी कोणती मापं भरवशाची ठरतात ते तपासलं. कंबरेचा घेर टिकला, चिमट्याने कातडीची जाडी मोजणं टिकलं नाही. म्हणजे शिंप्याची टेप पुरते. उताणं झोपवा, शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. दर वेळी त्याच स्थितीत, त्याच वेळी, शक्यतो पोट साफ झाल्यावर. पोट साफ होण्याचे दिवसही त्याच वहीत लिहीत जा. हालचाल वाढल्यावर फरक पडलाच तर बऱ्याच घरी तो आधी तिथे दिसतो, आणि आयांना त्याचं केवढं अप्रूप असतं ते बाहेरच्यांना कळणार नाही.

वजन कमी होत असेल तर व्यायाम वाढवू नका. आधी खाणं बघा. ताठरपणा आणि अनैच्छिक हालचाली यांतच या मुलांची बरीच ऊर्जा जळते.

चार लोकांत

हा भाग मी ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला होता, आणि ती माझी दुसरी चूक. चार लोकांत असतानाच शरीर सगळ्यात जास्त हालतं. पण इथेही हलवणं आणि हालणं आहेच. एका स्नेहसंमेलनात बघितलं : मुलाला विठोबा केलं, कपाळी गंध, व्हीलचेअर रंगमंचाच्या मधोमध, भोवती बाकीची मुलं टाळ घेऊन नाचली. प्रेक्षक रडले. टाळ्या झाल्या. पंधरा मिनिटांत त्या मुलाचा हात एकदाही हालला नाही, कारण हालायला कोणी काही दिलंच नव्हतं. त्याच्या मनगटाला एक टाळ बांधून दुसरा समोर टांगला असता तरी चाललं असतं.

याच्या बरोबर उलट एक खेळ आहे : बोच्चा. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. १२.५ बाय ६ मीटरचं अंगण, एक पांढरा चेंडू, आणि आपले लाल किंवा निळे सहा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. ज्यांना हाताने टाकता येत नाही ते उतरत्या पन्हाळीवरून चेंडू सोडतात, आणि ती पन्हाळ धरायला एक मदतनीस असतो. नियम असा की या मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं. बघायचं फक्त खेळाडूच्या तोंडाकडे. पन्हाळ डावीकडे की उजवीकडे, उंच की खाली, हे खेळाडू सांगणार, डोळ्यांनी का होईना. नव्या मदतनिसांना मी व्यायामाची तत्त्वं वगैरे सांगत नाही, हा एक नियम सांगते.

घरी यासाठी प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा कापून घ्या. चेंडूसाठी जुने मोजे, आत मोहरी, घट्ट शिवून. खरा चेंडू २७५ ग्रॅमचा असतो, साधारण तेवढंच भरा. तुम्ही पाठ करून बसा, पन्हाळ एका बाजूला न्या, विचारा ‘इथे?’ आणि पंधरा मोजा. डोळा, भुवई, जीभ, जे ठरलं असेल ते हो. चेंडू थोपवलेली काठी ढकलणं हे त्याचं काम, बोटाने, कोपराने, हनुवटीने. भावंडं आपोआप येतात, कारण खेळ खरोखर मजेदार आहे, आणि दादा-ताई म्हणून समजूत काढत खेळावं लागत नाही.

संघटित पातळीवर काही हवं असेल तर बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे खेळ भरवणाऱ्या स्पेशल ऑलिम्पिक्स या संस्थेचा ‘मोटर अॅक्टिव्हिटी ट्रेनिंग प्रोग्रॅम’ आहे. जे नेहमीच्या स्पर्धांत उतरू शकत नाहीत अशा खेळाडूंसाठीच तो आखलेला आहे. साधारण आठ आठवडे सराव, मग एक आव्हान दिवस, आणि तुलना फक्त स्वतःच्या मागच्या कामगिरीशी. आपल्याकडे स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या जिल्हा पातळीवरच्या लोकांकडे चौकशी करा. शाळेने विचारलं तर लवकर हालतं.

सोसायटीच्या गणपतीत मी एवढंच मागते : आरतीची घंटा. ट्रेवर उलटी बांधलेली, कोपराने लागेल अशी. आणि आरती म्हणणाऱ्यांना विनंती, की कडवं संपलं की घंटेसाठी थांबा. पहिल्या दिवशी लोक अवघडतात, काका मंडळी घड्याळ बघतात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी पोर ‘अजून वाजली नाही, थांबा!’ म्हणून सगळ्यांना दटावतं.

कागदपत्रं, थोडक्यात

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, त्याशिवाय पुढचं काही हालत नाही. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून सीपी चेअर, व्हीलचेअर मिळते, ती बरेचदा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असते. शिबिरात खुर्ची घेताना मूल सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा, मापाची नसेल तर घेऊ नका. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची ‘निरामय’ ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना चालू थेरपीचाही खर्च धरते, म्हणून पावत्या जपून ठेवा. सहा ते अठरा वयाच्या तीव्र आणि बहुविकलांग मुलांना शिक्षणहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार घरी शिक्षण घेण्याचा पर्याय आहे. घरी येणाऱ्या विशेष शिक्षकांना तुमची वही दाखवा, नाहीतर ते पुन्हा शून्यापासून सुरू करतील.

खंड पडल्यावर

पडणारच. ताप, लग्न, मावशी गावाला, आईची कंबर. खंड पडला की पूर्वीच्या निम्म्यावर या, आणि आठवड्याभरात वाढवत न्या. दवाखान्यात राहून आलेला असेल तर निम्म्याच्याही खाली.

तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, ३६ किलो. मागच्या पावसाळ्यात न्यूमोनियाने बारा दिवस दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा कोपर अजिबात उचलत नव्हता, बटणाकडे बघतही नव्हता. आजी आता नाहीत. आई म्हणाली, “ताई, गेलं सगळं.” पहिले तीन दिवस आम्ही फक्त त्याला कुशीवर, स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं आणि ठोके मोजले. घुंगरू पुन्हा बांधले. चौथ्या दिवशी वरणाची पहिली शिट्टी गेली, दुसरी गेली. वहीत त्या दिवसाची नोंद त्याच्या आईच्या अक्षरात आहे : ‘तिसरी शिट्टी, आधी. दोन बोटं. ठोके १०२.’